फादर, गाडी आहे का?



या रविवारच्या शुभवर्तमानातील दाखला आपणा सर्वांना पाठ आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरत जाणारी वाट, वाटमारी, रस्त्याकडेला अर्धमेला टाकलेला माणूस, त्याला पाहून पलीकडच्या बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, आणि ज्याच्याकडून कोणी काही अपेक्षाच केली नसती असा तो शोमरोनी. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात या दाखल्याचे नाटुकले दरवर्षी बसवले जाई. शोमरोनी व्हायला सगळ्यांची धडपड. लुटारू व्हायलाही पोरे तयार असत, कारण हातात काठ्या मिळत. याजकाचा पार्ट मात्र कोणालाच नको असे. एका वर्षी तो आमच्या वाट्याला आला. संवाद काही नव्हता. नुसती मान वळवून या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जायचे होते. ते काम आम्ही बरे केले, असे सिस्टरांनी म्हटल्याचे आठवते.

गेल्या पावसाळ्यात तोच पार्ट आम्ही पुन्हा केला, आणि या वेळी तो कोणी शिकवावा लागला नाही. आज त्याविषयी लिहायचे आहे. लिहायला हात धजत नव्हता, हेही सांगून टाकतो.

भात लावणीचे दिवस होते. शनिवारची रात्र, दहा वाजून गेलेले, पाऊस सारखा लागून राहिलेला. शिराळ्याच्या पश्चिमेला डोंगराच्या कडेला असलेल्या एका वाडीतून फोन आला. फोन करणारा आपल्या धर्मग्रामातला. ज्याच्यासाठी करत होता तो त्याचा शेजारी, आपल्या धर्माचा नव्हे, दुसऱ्याच्या रानात मजुरी करणारा. बांधावरून घरी येताना त्याच्या घोट्याला काहीतरी चावले होते. "फादर, गाडी हाय का?" एवढाच प्रश्न होता.

आम्ही म्हणालो, "१०८ ला लावा. आम्ही प्रार्थना करतो."

दोन्ही वाक्ये खरी होती. १०८ ची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. प्रार्थनाही आम्ही केली. सकाळी सातला मिस्सा होती, ओढ्यावर पाणी आल्याचे दुपारीच कानावर आले होते, अंधारात त्या रस्त्याला जाणे म्हणजे दोघांचा जीव धोक्यात, असे मनाशी म्हटले. कारणे भरपूर होती. त्या याजकाकडेही असतील. लूकने ती लिहून ठेवली नाहीत एवढेच.

जीप आवारात उभी होती.

पुढचे आम्हाला दोन आठवड्यांनी कळले. वाडीत फोनला रेंज नसते. आम्हाला जो फोन आला तो पावसात टेकाडावर चढून लावलेला होता, आणि त्यानंतर तो लागला नाही. पायाला दोरी आवळून बांधण्यात आली. पलीकडच्या वाडीत एक देवर्षी आहे, तिकडे नेले. त्याने मंत्र घातला आणि कडुलिंबाचा पाला चावायला दिला. पाला कडू लागला तर विष नाही आणि गोड लागला तर विष चढले, अशी समजूत आहे. या पाला चावण्यात दीड तास गेला. मग मोटरसायकलवर मधे बसवून, मागून एकाने घट्ट धरून, त्याला खाली आणले. सरकारी दवाखान्यात पोहोचेपर्यंत चावून चार तास झाले होते आणि त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होते. तिथे लस सुरू करून पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. घोणस चावली होती. माणूस वाचला, पण मूत्रपिंडे बसली आणि तीन आठवडे डायलिसिस करावे लागले. डायलिसिस सरकारी योजनेत झाले. पण सोबतीच्या माणसाचे जेवणखाण, येणेजाणे, बाहेरून आणलेली औषधे आणि दोघांची बुडालेली मजुरी यांत दावणीची म्हैस गेली. उसाची मोळी आता त्याच्याने उचलत नाही.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो भिंतीला धरून उठला, आमच्या पायाशी वाकला आणि म्हणाला, "फादर, तुमी प्रार्थना केलीसा म्हणून वाचलो."

त्याच्या बायकोने चहा केला. म्हैस गेलेली असल्याने तो बिनदुधाचा होता. आम्ही तो प्यालो. त्याला काय सांगायचे होते ते त्या दिवशी सांगता आले नाही.

हे वाचून कोणी आमची समजूत घालू नये. पापनिवेदनाची जागा वेगळी आहे आणि तिथे ते झाले आहे. पण प्रत्येक मिस्साच्या आरंभी आपण सर्वजण विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीने, जे करायला हवे होते ते न केल्याचीही कबुली देतो. ते चौथे कलम आपण किती भराभर म्हणून टाकतो! सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांनी 'न करण्याच्या' पापाची केलेली चिकित्सा आम्ही मन लावून अभ्यासली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, न करणे हे पाप तेव्हाच होते, जेव्हा ती गोष्ट करणे आपले देणे असते आणि करणे आपल्याला शक्यही असते. अशक्य गोष्टीला कोणी बांधलेला नाही. परीक्षेत आम्हाला या प्रश्नाला चांगले गुण मिळाले होते. त्या रात्री गाडीच्या टाकीत डिझेल होते.

आता दाखल्याकडे पुन्हा पाहू या. आम्ही तो इतकी वर्षे 'दया' या एका शब्दात बसवत आलो. परंतु लूकने त्या शोमरोन्याने नेमके काय काय केले याची नोंद फार काळजीपूर्वक केली आहे. तो थांबला. त्याने तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, म्हणजे प्रथमोपचार केले. त्याला आपल्या जनावरावर बसवले, म्हणजे वाहन दिले, आणि स्वतः पायी चालला. उतारशाळेत नेले आणि रात्रभर शुश्रूषा केली. सकाळी रखवालदाराच्या हातावर दोन दीनार ठेवले. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एक दीनार ही एका दिवसाची मजुरी आहे, तेव्हा ही दोन दिवसांची कमाई. आणि एवढ्यावर न थांबता, वर काही खर्च आला तर परतताना तोही देईन असे सांगून गेला. यांतला कोणताही एक दुवा काढून टाका. जखम बांधली पण वाहन नाही, तर माणूस वाटेवरच राहतो. वाहन आहे पण उतारशाळा नाही, तर नेणार कुठे? सगळे आहे पण पैसे नाहीत, तर तिसऱ्या दिवशी बाहेर काढतील. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या विश्वपत्राचा दुसरा अध्याय या दाखल्याला वाहिला आहे. त्यांनाही आपण या गोष्टीत कोण आहोत हाच प्रश्न आपल्यासमोर ठेवायचा होता.

बत्तीस शिराळ्याचे नाव घेतले की ऐकणारा पहिल्यांदा नागपंचमी म्हणतो. गोरक्षनाथांशी जोडलेली इथली नागपूजेची परंपरा जुनी आहे आणि तिच्याकडे आम्ही आदरानेच पाहतो. जिवंत नागांच्या मिरवणुकांवर कायद्याने आणि न्यायालयाने बंधने आणली, त्यावरून पुष्कळ वाद झाले आणि होतील. तो आजचा विषय नाही. आमच्या मनात येते ते वेगळेच. ज्या तालुक्याला सापाची ओळख इतकी जुनी आहे, तिथेही साप चावल्यावर पहिल्या तासात काय करावे हे घराघरांत ठाऊक नसते. आपल्याही घरांत नाही. गेल्या महिन्यात प्रार्थनेनंतर आम्ही सहज विचारले, तर सहा जणांनी दोरी बांधा म्हणून सांगितले, एकाने ब्लेडने कापा म्हटले आणि एका आजीने कोंबडीचे पिल्लू लावायला सांगितले.

तेव्हा थोडे सविस्तर लिहितो. आपल्या भागात माणसाचा जीव घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर जाते. पापण्या मिटू लागतात, शब्द जड होतात, शेवटी श्वास थांबतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. पुष्कळदा ना दुखते ना खूण दिसते, आणि पहाटे पोट दुखते म्हणून माणूस उठतो. लोक त्याला ओवा देतात. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पोटात कळ येऊन उठला आणि त्याच्या पापण्या जड झाल्या, तर ओवा शोधत बसू नये. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठू देत नाही; घोणसचे मूत्रपिंडांवरही जाते. रक्तात विष भिनले आहे का हे पाहायला मोठे यंत्र लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग तिरपे करून पाहायचे. गोठले नसेल तर लस द्यायची. अगदी लहान आरोग्य केंद्रातही ही तपासणी होऊ शकते.

चावल्यावर माणसाला धीर द्यावा, चालवू-पळवू नये. हात किंवा पाय मोडल्यावर जसा काठीला बांधून स्थिर ठेवतात तसा ठेवावा. अंगठी, जोडवी, बांगड्या, पैंजण काढून ठेवावेत, कारण सूज येते. कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. कोणी आधीच आवळली असेल तर वाटेत एकदम सोडू नये, ते काम डॉक्टरांवर सोपवावे. साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नये. लस चारही सापांवर एकच आहे. आणि लगेच निघावे. गाडी नसेल तर मोटरसायकलही चालेल, दोघांच्या मधे बसवून. त्या वाडीतल्या पोरांनी ते बरोबर केले होते, फक्त उशिरा.

ही लस कशी तयार होते हे आम्ही मुद्दाम समजून घेतले, आणि ते समजल्यापासून ती कुपी आम्हाला साधी वाटत नाही. तमिळनाडूत चेन्नईजवळ इरुळा या आदिवासी लोकांची एक सहकारी संस्था आहे, १९७८ साली स्थापन झालेली. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारे हे लोक साप धरतात, विष काढतात आणि साप पुन्हा सोडून देतात. देशातल्या लसीसाठी लागणारे पुष्कळसे विष तिथून येते. ते अगदी थोड्या मात्रेत घोड्यांना टोचतात. घोड्याचे शरीर त्यावर उतारा तयार करते. त्या रक्तातून तो वेगळा काढून शुद्ध करतात आणि कुपीत भरतात. मुंबईची हाफकिन संस्था कित्येक वर्षे या कामाशी जोडलेली आहे. गंभीर दंशाला सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. सरकारी रुग्णालयात त्या मोफत मिळतात. इतके हात, इतकी जनावरे, इतकी विद्या, आणि एवढा प्रवास करून ती कुपी शिराळ्याच्या फडताळापर्यंत येते. आणि मग फडताळ आणि वाडी यांच्या मधे पाऊस, अंधार, एक ओढा आणि मान वळवून चालणारा एक याजक असतो.

योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दाच्या तळ्याची गोष्ट आठवा. पाणी हलले की जो पहिल्यांदा उतरेल तो बरा होई, अशी तिथे समजूत होती. अडतीस वर्षे आजारी असलेल्या एका माणसाला प्रभूने विचारले, तुला बरे व्हायचे आहे का? त्याने हो किंवा नाही असे उत्तर दिलेच नाही. त्याने अडचण सांगितली: पाण्यात सोडायला आपल्याला माणूस नाही, आणि आपण पोहोचेपर्यंत दुसरा कोणी उतरलेला असतो. आम्ही पूर्वी प्रवचनात या माणसाला कुरकुऱ्या म्हटले होते. आता म्हणणार नाही. औषध आहे, तळे आहे, पाणी हलतेही आहे. पण जवळ राहणाऱ्याचे आणि गाडीवाल्याचे. पठारावरच्या माणसाचे उत्तर तेच असते, माणूस नाही.

एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख लोक मरण पावल्याचा अंदाज दिला आहे. म्हणजे सरासरी वर्षाला अठ्ठावन्न हजार. यातले बहुतेक खेड्यातले, आणि बरेचसे दवाखान्यापर्यंत न पोहोचलेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले आणि आपल्या केंद्र सरकारने २०२४ साली हे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. चांगले झाले. परंतु अ‍ॅरिस्टॉटलने एक मार्मिक गोष्ट म्हटली आहे, की वैद्य काही 'माणूस' या जातीला बरे करत नाही. तो सॉक्रेटिसला बरे करतो, या किंवा त्या नावाच्या माणसाला. अठ्ठावन्न हजारांना वाचवायला फोन येत नाही. फोन एकाचाच येतो, शनिवारी रात्री.

सरकारच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे आणि काही वेळा ते योग्यही असते. सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा देशाचा नियम आहे. पण लोकसंख्येच्या हिशेबात उंची आणि ओढे येत नाहीत. गुढे-पाचगणीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, तिथली वीज दूर दूर जाते; पठारावरच्या माणसाला मात्र मोठ्या इलाजासाठी सांगली-मिरज गाठायला शिराळ्यापासून पुढे साठेक किलोमीटर जावे लागते. आणखी एक गोष्ट. सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाला तर कुटुंबाला शासनाकडून दोन लाखांचे अनुदान मिळते. ज्याचे सातबाराला नावच नाही, जो दुसऱ्याच्या बांधावरून अनवाणी चालतो, त्याच्या कुटुंबाला या योजनेत जागा नाही. साप सातबारा पाहून चावत नाही. ऊसतोडीला मराठवाड्यातून येणारी कुटुंबे तर आपल्या शिवारात पाचटाच्या कोपीत, जमिनीवर पोरे घेऊन झोपतात. त्यांचे नाव आपल्या गावच्या कोणत्याच यादीत नसते, आणि आमच्या धर्मग्रामाच्या वहीतही नव्हते.

आपल्या या भागाला शोमरोनी मिळाले नाहीत असे मात्र नाही. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले आणि पुढे तिथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. ते आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते, प्रेस्बिटेरियन होते. आपल्यापैकी काहींना अजून ते सांगताना आवाज खाली आणावासा वाटतो. दाखला ऐकूनही! मिरज वैद्यकीच्या नकाशावर आली तिचा आरंभ तिथे आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली काम सुरू केले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की, डॉक्टर वाडीत राहणार नाही, पण वाडीतली बाई वाडीतच राहणार आहे. म्हणून त्यांनी खेड्यातल्या, कित्येकदा अक्षरओळख नसलेल्या, दलित समाजातल्या बायकांना शिकवून आरोग्यसेविका केले. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते त्यांच्या हातून बाळंतपणे होऊ लागली. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज गावोगावी दिसणाऱ्या आशाताई २००५ नंतरच्या. पण ती कल्पना जामखेडच्या त्या बायकांनी आधीच खरी करून दाखवली होती.

आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात असताना त्यांनी विंचूदंशाने माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत जाताना पाहिली. पुस्तकात उपाय नव्हता. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून, रात्र रात्र नाडी आणि रक्तदाब लिहून घेऊन पाहिले, आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध विंचवावर उपयोगी पडते हे जगाला दाखवून दिले. कोकणातल्या विंचूदंशाच्या मृत्यूंचे प्रमाण त्याने कितीतरी खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आम्हाला त्यांच्या कामात भावते ते हे, की ते थांबले. रस्त्याकडेला पडलेल्याजवळ थांबून त्यांनी पाहिले. विद्येची सुरुवात तिथे झाली.

एका गोष्टीबद्दल आम्हाला थोडे कठोर बोलायचे आहे. त्या देवर्षीला हसणे सोपे आहे. मंत्राने उतरले असे लोकांना वाटते, कारण पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. अशी माणसे पाला चावूनही घरी जातात आणि कीर्ती मंत्राला मिळते. पण आपल्यातही काहीजण अशा प्रार्थनासभांना जातात, जिथे गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा असे सांगितले जाते. आपल्याच एका बहिणीने मधुमेहाचे इंजेक्शन तीन महिने बंद ठेवले होते. बंधू-भगिनींनो, हाही पालाच आहे. प्रेषितांच्या कृत्यांत माल्टा बेटावर पौलाच्या हाताला साप डसला तेव्हा लोक प्रथम म्हणाले हा खुनी असावा, आणि तो मेला नाही तेव्हा म्हणाले हा देव आहे. दोन्ही वेळा त्यांचे चुकले. त्याच पौलाने तिमथ्याला पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, नुसत्या उपासाचा सल्ला दिला नाही. बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय घरी काढून वाचा. वैद्याला मान द्यावा, औषधे देवानेच जमिनीतून उगवली आहेत, आजारपणात प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जागा करून द्यावी, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. प्रार्थना आधी की गाडी आधी, हा वाद तिथे नाही. गाडी चालवता चालवता प्रार्थना करता येते, हे आम्हाला उशिरा उमगले.

आता कामाचे. धर्मग्राम समितीशी बोलून काही गोष्टी ठरवल्या आहेत. आपल्या धर्मग्रामात तीन चारचाकी आणि वीस-बावीस मोटरसायकली आहेत. ज्यांची रात्री गाडी काढायची तयारी आहे त्यांनी नावे आणि फोन क्रमांक द्यावेत. पश्चिमेकडच्या वाड्यांसाठी वेगळी यादी करू. वाडीत रेंज कुठे मिळते ती जागा आपल्या तरुणांनी शोधून तिथे पांढऱ्या रंगाने खूण करावी. हे ऐकून काहींना हसू येईल. त्या रात्री त्या खुणेची किंमत एका म्हशीएवढी होती. पुढच्या रविवारी मिस्सानंतर आरोग्य केंद्रातील सिस्टर आणि आपल्या भागातील आशाताई दंशानंतरचा पहिला तास कसा हाताळायचा हे प्रत्यक्ष करून दाखवतील. शेजाऱ्यांना घेऊन या, धर्म विचारू नका. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की कोप्यांवर जाऊन कुटुंबांची नोंद करायची आहे. शक्य तिथे खाटा आणि मच्छरदाण्या द्यायच्या आहेत, कारण नीट खोचलेली मच्छरदाणी डासांबरोबर मण्यारीलाही अडवते.

पैशाचे म्हणाल तर मागच्या दाराजवळ एक वेगळी पेटी ठेवली आहे. तिच्यावर फक्त 'दोन दीनार' असे लिहिले आहे. त्यातून सोबतीच्या माणसाचे जेवण, एसटीचे भाडे आणि बाहेरची औषधे यांचा खर्च होईल, आणि हिशेब दर महिन्याला या पत्रकात छापला जाईल. ज्याची आम्ही सांगितली ती गोष्ट, त्याला विचारूनच लिहिली आहे. परवा त्याच्याकडे जाऊन, त्या रात्री गाडी आवारात उभी होती हे त्याला अखेर सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मग आता ती कुणाला तरी उपयोगी पडू दे." यादीच्या कामात पश्चिमेकडच्या वाड्या त्याने आपल्याकडे घेतल्या आहेत, पायी फिरवत नाही म्हणून आपला एक मुलगा त्याला गाडीवरून नेतो.

जीपची किल्ली पूर्वी आमच्या खोलीच्या कपाटात असे. आता ती बाहेर, व्हरांड्यातल्या घंटेखालच्या खिळ्यावर असते. गाडी चालवता येणाऱ्या चौघांना ती जागा ठाऊक आहे. आम्ही झोपलो असलो तर उठवण्यासाठी थांबू नये. किल्ली घेऊन निघावे, आणि जमले तर जाता जाता दारावर एक थाप मारावी.

ख्रिस्तसेवेत आपला,
धर्मगुरू